न दिसणारा धूर

'दुरुस्त' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथे त्यानं चांगलाच संसार थाटला. मूळ अर्थ योग्य, बरोबर, धड. शरीर धड असेल तर माणूस तंदुरुस्त. पुस्तकात राहिलेली चूक सुधारली तर ती चूकदुरुस्ती, राज्यघटनेचं कलम बदललं तर घटनादुरुस्ती, आणि नळाचा वायसर बदलला तर तीही दुरुस्तीच. मी अनुवाद करते, त्यामुळे एकच शब्द इतकी कामं करताना दिसला की मी थबकते. संसद आणि प्लंबर यांच्यात समान काय आहे? दोघांचा दावा एकच असतो: जे चुकीचं होतं ते आम्ही योग्य केलं. हा दावा नैतिक आहे. नळाच्या बाबतीत तो सहसा तपासावा लागत नाही. गळती थांबली की काम झालं. पण काही दुरुस्त्या अशा असतात की गळती थांबल्यावरही प्रश्न उरतो. योग्य झालं, ते कुणासाठी?

आपल्या घरांमध्ये दुरुस्त करून वापरणाऱ्याला मान असतो. जुन्या लुगड्यांची गोधडी, भांड्यांना कल्हई, छत्रीला नवी काडी, चपलेला नवा अंगठा. टाकून देणारा उधळ्या, सांधून वापरणारा शहाणा. अलीकडे पर्यावरणाच्या चर्चेनं या जुन्या शहाणपणाला नवं प्रशस्तिपत्रही दिलं आहे. मला हे शहाणपण प्रिय आहे, आणि म्हणूनच ते एका अवघड उदाहरणावर घासून पाहावंसं वाटतं. गोधडी धूर सोडत नाही. जुनी डिझेल गाडी सोडते.

आमची गाडी २००९ची, सात जणांची, डिझेलवर चालणारी. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांचे नातेवाईक पुण्या-नाशकाकडे असतात, तसे आमचेही आहेत. त्यामुळे लग्नकार्यं, आजारपणं, आंब्याच्या पेट्या, कॉलेजला निघालेल्या मुलांच्या गाद्या, सगळं तिनं वाहिलं. दोन लाखांहून अधिक किलोमीटर झाले, पंधरा वर्षं भरल्यावर फेरनोंदणीही झाली. गेली सात-आठ वर्षं तिची नित्याची कामं मी घरीच करते: ऑइल आणि फिल्टर बदलणं, डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढणं, ब्रेक पॅड, पंख्याचा बेल्ट, बॅटरीचे टर्मिनल. पंप, नोझल, गिअरबॉक्स ही कामं मिस्त्रींची. सीमा कुठे आहे हे कळणं हाही या शिक्षणाचा भाग असतो. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात नोझलपर्यंत जाणाऱ्या नळीतला दाब हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनात ती नळी सैल केली तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. तिथे हौसेला जागा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, आधी घोडी लावायची, हेही तसंच.

डिझेल इंजिनाचं व्याकरण थोडक्यात सांगता येतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९२मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वीपणे चाललं. पुढे त्याचं आडनाव सामान्यनाम झालं आणि जगभरच्या पंपांवर लिटरनं विकलं जाऊ लागलं. तर, गाडी सुरू होत नसेल तेव्हा विचारायचे प्रश्न तीनच: हवा मिळते का, डिझेल पोचतं का, पुरेशी उष्णता तयार होते का. धूर येत असेल तर त्याचा रंग पाहायचा. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा कुठून तरी कूलंट आत शिरतंय.

कुठला नोझल बिघडला हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक नोझलमधून काही डिझेल टाकीकडे परत जातं. चारही परतीच्या नळ्या काढून तिथे पारदर्शक नळ्या लावायच्या, त्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा बरंच जास्त साचलं, तिच्या नोझलवर संशय. याच्या जोडीला आता खिशात मावणारा स्कॅनर मिळतो. तो गाडीच्या संगणकाला विचारून एक आकडा दाखवतो. पी-०४०१ असा आकडा आला तर अर्थ असा की धुराचा जो भाग इंजिनात परत जायला हवा, तो पुरेसा जात नाही. हा आकडा शब्दकोशातल्या अर्थासारखा असतो. तो कुठे पाहायचं ते सांगतो. काय झालंय ते सांगत नाही. झडप अडकली असेल, नळी चोंदली असेल, किंवा ज्या सेन्सरनं तक्रार केली तोच बिघडला असेल. शब्दकोश उघडून लगेच वाक्य लिहिणारा अनुवादक आणि आकडा पाहून लगेच सुटा भाग मागवणारा गाडीवाला हे एकाच जातीचे उतावळे.

या सगळ्यात एक सद्गुण आहे, तो लक्ष देण्याचा. आवाज बदलला, थंड इंजिन पकड घ्यायला दोन क्षण जास्त लागले, ऑइलची पातळी मागच्या महिन्यापेक्षा बोटभर खाली गेली, हे कळायला वस्तूकडे सातत्यानं पाहावं लागतं. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४चं पुस्तक या सद्गुणाबद्दलच आहे. त्यातला एक प्रसंग बहुतेक वाचकांच्या लक्षात राहतो. सोबत प्रवास करणाऱ्या मित्राच्या महागड्या मोटरसायकलचं हँडल सैल झालेलं असतं. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची चकती मध्ये घालू, पक्कं बसेल. मित्र दुखावतो, आपल्या उंची गाडीला भंगाराचं ठिगळ त्याला सोसवत नाही. निवेदकाचं म्हणणं असं की पत्रा कुठून आला याला महत्त्व नाही, तो आपलं काम करतो का याला आहे.

मला तो निवेदक पटतो, पण त्याच्या उदाहरणात पात्रं दोनच आहेत: गाडी आणि तिचा मालक. हँडल घट्ट बसलं की दोघांचंही भलं होतं. डिझेल गाडीच्या दुरुस्तीत एक तिसरं पात्र असतं, आणि ते बॉनेटखाली वाकलेल्या माणसाला दिसत नाही, कारण ते गाडीच्या मागे उभं असतं.

त्याच्याकडे वळण्याआधी एका जुन्या रथाकडे जायला हवं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? शेवटी मान्य होतं की या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे व्यवहारातलं नाव पडतं, त्यापलीकडे वेगळा रथ सापडत नाही. जुनी गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्याला हा संवाद अंगणात बसून कळतो. बॅटरी चौथी, क्लच दुसरा, रेडिएटर दुसरा, टायरांची गणती नाही. तरी घरात सगळे म्हणतात 'आपली गाडी'. नागसेनानं अनात्म समजावण्यासाठी रथ वापरला. मला त्याच्या यादीपुढे एक भाबडा प्रश्न जोडावासा वाटतो. रथाच्या भागांत त्यानं उडणाऱ्या धुळीची गणना केली नाही. ती करायला हवी का? गाडी कुठे सुरू होते हा तत्त्वज्ञांचा प्रश्न झाला. गाडी कुठे संपते हा शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी ती संपते असं मानणं आपल्या सोयीचं असतं, एवढंच.

आता ती झडप. डिझेल इंजिनात ईजीआर नावाची एक झडप असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूतला थोडा भाग ती पुन्हा आत पाठवते. हे ऐकायला विचित्र वाटतं. उष्टं अन्न पुन्हा ताटात वाढल्यासारखं. पण त्यामागे कारण आहे. इंजिनात जळण फार तापलं की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जातात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती फुप्फुसांना त्रास देतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन आणि बारीक कण तयार होतात. जळून गेलेला वायू आत मिसळला की ऑक्सिजन कमी पडतो, जळणाचं तापमान उतरतं आणि ही ऑक्साइडं कमी होतात. म्हणजे ही झडप गाडीच्या भल्यासाठी बसवलेलीच नाही. गाडीला तिचा उपद्रवच होतो. परत आलेली काजळी आणि इंजिनातली तेलकट वाफ यांचा मिळून डांबरासारखा थर आतल्या नळ्यांत साचतो, झडप अडकते, गाडी दमते, काळा धूर सोडते. ही झडप गाडीत बसवलेली असते ती बाहेरच्यांच्या वतीनं.

आणि तिच्यावर एक प्रसिद्ध इलाज आहे. झडपेच्या जोडावर पत्र्याची एक पट्टी बसवायची, की वाट बंद. दहा मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ शून्य. आमच्या मिस्त्रींनी मला हा इलाज अगदी आपुलकीनं सुचवला होता. "दीदी, पत्ती डाल देते हैं. ज़िंदगी भर का आराम." ते खोटं बोलत नव्हते. पट्टी टाकल्यावर पिकअप सुधारतो, नळ्यांत काजळी साचायची थांबते. काही गाड्यांचा संगणक तक्रार करतो, म्हणून पट्टीला एक छोटं भोक पाडतात. तेवढ्या झुळुकीनं त्याचं समाधान होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काळा धूर कमी होतो.

इथे उदाहरण खरं अवघड होतं. आपल्याकडे डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धूर किती अपारदर्शक आहे एवढंच मोजतात. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि यंत्र आकडा देतं: बीएस-४च्या आधीच्या गाड्यांना हार्ट्रिज मापात ६५पर्यंत मुभा, बीएस-४ला ५०. नायट्रोजनची ऑक्साइडं या तपासणीत मोजलीच जात नाहीत. म्हणजे पट्टी टाकलेली गाडी परीक्षेत आधीपेक्षा चांगले गुण मिळवू शकते. डोळ्यांना दिसणारा धूर कमी, न दिसणारा जास्त. मालक खूश, मिस्त्री खूश, तपासनीस खूश. 'दुरुस्त' या शब्दाच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या, आणि तरी काहीतरी योग्य झालेलं नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एका मेंढपाळाच्या अंगठीची गोष्ट सांगतो. अंगठी फिरवली की घालणारा अदृश्य होतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा की अशी अंगठी मिळाल्यावर न्यायानं वागणारा माणूस आणि अन्यायानं वागणारा माणूस यांच्यात काही फरक उरेल का. आपण हा प्रश्न राजेमहाराजांच्या पातळीवर वाचतो. पण अंगठीची साधी रूपं सगळीकडे मिळतात, आणि त्यांतलं एक पत्र्याचं आहे. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनवर ठपका ठेवला, तेव्हा हीच अंगठी सॉफ्टवेअरच्या रूपात जगासमोर आली. परीक्षा चालू आहे हे त्या गाड्यांना ओळखता येत होतं, आणि प्रदूषणावरचं नियंत्रण त्या तेवढ्यापुरतंच पूर्ण पाळत होत्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीनं स्वतः मान्य केलं. आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच होतं. पण कंपनीनं जे संगणकाच्या भाषेत लिहिलं, तेच गल्लोगल्ली पत्र्याच्या तुकड्यावर लिहिलं जातं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

माझ्या व्यवसायात अशीच एक पट्टी असते. मूळ पुस्तकात एखादं वाक्य असं येतं की ते अनुवादात नीट उतरत नाही. त्याच्यामुळे परिच्छेद अडखळतो. ते गुपचूप गाळलं तर मराठी सुरळीत वाहू लागते. वाचक म्हणतो, काय ओघवता अनुवाद आहे. मूळ भाषा येत नसलेल्या वाचकाला ती गाळणूक कधीही पकडता येणार नाही. त्यानं तुमच्याकडे पुस्तक दिलं तेच या भरवशावर. म्हणून ओघ हा अनुवादाचा गुण असला तरी पुरावा नाही, आणि सुरळीत चालणं हा दुरुस्तीचा गुण असला तरी पुरावा नाही.

मिस्त्रींची बाजू मात्र नीट ऐकायला हवी. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण भाड्याच्या गाड्या चालवतात. गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता चुकतो. नव्या झडपेला हजारो रुपये लागतात. झडप काढून, स्प्रेनं काजळी विरघळवून, नवं गॅस्केट घालून परत बसवायला मला रविवारचे तीन तास लागतात, आणि काही हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा करावं लागतं. तीन तास ही चैन आहे आणि ती माझ्याकडे आहे. म्हणून टॅक्सीवाल्याला मी उपदेश करू शकत नाही. पण याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे: ज्याच्याकडे वेळ आहे, हत्यारं आहेत आणि झडप कशासाठी आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला टॅक्सीवाल्याची सबब वापरता येत नाही. 'ज़िंदगी भर का आराम' हे वाक्य मला त्या दिवसापासून खटकतं. कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते, विहिरीतला गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. ज्या कामात दुसऱ्याचं हित असतं ते बहुधा परत परतच करावं लागतं. त्याला कायमचा इलाज सापडला, तर आधी पाहावं की ते हितच तर बंद केलेलं नाही ना.

मग नेहमीचा आक्षेप येतो: लाखो ट्रक धावतात, एका घरगुती गाडीनं काय होतं? आपल्या परंपरेत या आक्षेपाला दोन गोष्टी उत्तर देतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली बिरबलाची म्हणून सांगतात. प्रत्येकानं रात्री हौदात तांब्याभर दूध ओतायचं असतं. प्रत्येक जण म्हणतो, सगळ्यांच्या दुधात माझं पाणी कुणाला कळणार, आणि सकाळी हौद पाण्यानं भरलेला असतो. दुसरी श्रावणी सोमवारची, खुलभर दुधाची. राजाच्या हुकमानं सगळं गाव घरातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओततं, वासरं आणि लेकरं उपाशी राहतात, आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्यांना पाजते, वासरांना पाजते, उरलेलं खुलभर दूध आणून ओतते, आणि गाभारा भरतो. बिरबलाची गोष्ट लबाडीची बेरीज दाखवते. कहाणी त्याहून खोल जाते. तिच्यात थोडक्या दुधाचं वजन मापानं ठरत नाही. ओतण्याआधी कुणाकुणाचं पोट भरलं यावरून ठरतं. गाडीलाही हे लावता येतं. 'एका गाडीनं किती फरक पडतो' हा मापाचा प्रश्न आहे. 'माझी सोय कुणाला उपाशी ठेवून झाली' हा कहाणीचा प्रश्न आहे, आणि तो एका गाडीलाही पुरेपूर लागू पडतो.

हीच गोष्ट जळक्या ऑइलची. घरी ऑइल बदलणं पाना फिरवण्याइतकं सोपं असतं. खरं काम नंतर सुरू होतं. सहा-साडेसहा लिटर काळं तेल डब्यात उरतं. कायद्यानं तो घातक कचरा आहे आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवा. पण गटाराचं झाकण चार पावलांवर असतं आणि दुपारी गल्लीत कुणी नसतं. आमचं शहर २०१७पासून अनेक वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं आहे. इथे रस्त्यावर वेफर्सचं पाकीट टाकलं तर शाळकरी मूलही टोकतं. दिसणाऱ्या कचऱ्याची लाज आम्ही शिकलो, आणि ते मोठंच काम झालं. न दिसणाऱ्याची लाज कुणी टोकून शिकवू शकत नाही. ती ज्याची त्यालाच शिकावी लागते.

इथपर्यंत उत्तर सोपं आहे: पट्टी टाकू नका, तेल गटारात ओतू नका. पण याहून अवघड प्रश्न शिल्लक आहे. झडप स्वच्छ ठेवली, नोझल तपासले, फिल्टर वेळेवर बदलले, तरी ही गाडी चालवणंच योग्य आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात घातलं. लहान डिझेल मोटारींना बीएस-३च्या काळात किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम कण सोडायची मुभा होती. बीएस-६मध्ये ती ०.००४५ ग्रॅम आहे, म्हणजे सुमारे एक-अकरांश. दुरुस्तीचं बळ इथे संपतं. उत्तम निगा राखून मी गाडीला तिच्या जन्मवेळच्या पातळीपर्यंत नेऊ शकते, त्यापुढे नाही. तिच्या मागे स्कूटरवर आईला धरून बसलेल्या मुलाला माझ्या निगराणीचं कौतुक असण्याचं कारण नाही.

दिल्लीत या प्रश्नाचं उत्तर वयानं द्यायचं ठरलं. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं तिथे आणि आसपासच्या प्रदेशात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली, ती काही दिवसांतच थांबवावी लागली. लोक म्हणाले, निगा राखलेली गाडी आणि हेळसांड झालेली गाडी एकाच मापानं का मोजता? आक्षेपात तथ्य आहे. वय हे आंधळं माप आहे. शिवाय धडधाकट गाडी मोडीत काढून नवी घडवायची तर त्यासाठीही लोखंड वितळवावं लागतं, आणि तो धूर आणखी कुणाच्या तरी गावात निघतो. पण वयाचं माप आंधळं आहे म्हणणाऱ्यानं एका गोष्टीचं उत्तर द्यायला हवं: मग डोळस माप कुणाकडे आहे? पीयूसीच्या यंत्राला निम्मंच दिसतं. मिस्त्रीला ग्राहक सांभाळायचा आहे. खरं माप एकाकडेच असतं, गाडी स्वतः उघडून पाहणाऱ्याकडे. आणि नेमका तोच तिच्या प्रेमात असतो.

मला वाटतं, स्वतः दुरुस्ती करण्याचं नैतिक मोल इथे आहे, आणि ते पैसे वाचवण्यात किंवा स्वावलंबनाच्या समाधानात सापडत नाही. ज्याला बॉनेट उघडता येत नाही त्याच्याकडे 'मला काय माहीत' ही सवलत असते. उघडायला शिकलं की ती सवलत कायमची जाते. दुरुस्तीचा हक्क सगळ्यांना मिळावा यासाठी सरकारनं २०२२मध्ये समिती नेमली. तो हक्क मला पुरेपूर हवा आहे. पण उघडण्याच्या हक्कामागोमाग जे पाहिलं त्याची साक्ष देण्याचं कर्तव्य येतं. आणि ही साक्ष बहुतेक वेळा आपल्याच वस्तूविरुद्ध द्यावी लागते.

म्हणून गाडीच्या वहीत मी काही अटी लिहून ठेवल्या आहेत. त्या आजच लिहायला हव्या होत्या, कारण वेळ येईल तेव्हा मन वकिली करू लागेल. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती ऑइल भरावं लागलं ते दर वेळी लिहायचं. पीयूसीवरचा 'पास' हा शब्द सोडून द्यायचा आणि आकडा लिहायचा. कायद्याची मर्यादा ६५ असली तरी माझी मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. शहरातल्या शहरात, एकट्यासाठी, ही गाडी काढायची नाही. सकाळी निळा धूर येऊ लागला आणि कारण पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोचलं, तर ती विकायची नाही; कारण विकलेली गाडी धूर सोडायची थांबत नाही, ती तो दुसऱ्या गावात सोडते. मग तिला अधिकृत भंगारात द्यायची.

बिघाड नाहीसा करणं आणि बिघाड हलवणं यांत फरक आहे. आपल्या दुरुस्त्यांपैकी कितीतरी दुसऱ्या प्रकारच्या असतात: आवाज आपल्या खोलीतून शेजारी जातो, पाणी आपल्या अंगणातून खालच्या वस्तीत जातं, धूर आपल्या काचेबाहेर राहतो. 'दुरुस्त' या शब्दानं दिलेलं वचन मोठं आहे, आणि जुनी डिझेल गाडी ते पूर्णपणे पाळू शकत नाही. तिचा मालक फार तर एवढं करू शकतो की तिची मुदत वाढवताना ती वाढ कुणाच्या खात्यातून घेतली जाते आहे हे विसरायचं नाही, आणि ते खातं रिकामं होण्याआधी थांबायचं.